स्टार्ट बटण का गेलं आणि का परत आलं?



पेट, सेट किंवा नेटचा अभ्यास करताना ‘सप्रमाणता’ हा शब्द तुम्ही नक्की पाठ केला असेल. जे मोजायचं आहे तेच आपलं साधन मोजतं का, ही तिची सरळ व्याख्या. परीक्षेत एवढ्यावर भागतं. पण सप्रमाणता नसली की नेमकं काय बिघडतं, हे व्याख्येतून कळत नाही. म्हणून आज एक छोटा इतिहास सांगते. तो प्रयोगशाळेतला नाही, आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा आहे.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज ८ बाजारात आणलं. कॉम्प्युटर सुरू केला की ओळखीच्या डेस्कटॉपऐवजी रंगीत चौकोनांनी, म्हणजे टाइल्सनी भरलेला अख्खा स्क्रीन समोर यायचा. त्यातल्या ‘डेस्कटॉप’ नावाच्या टाइलवर क्लिक केलं की जुनी जागा दिसायची, पण डावीकडचा खालचा कोपरा रिकामा असायचा. १९९५ पासून तिथे असलेलं स्टार्ट बटण गेलेलं होतं. लोक भडकले. वर्षभरात बटण परत आलं, आणि तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत स्टार्ट मेनूही परत आला.

आपल्याकडे ज्यांनी एमएस-सीआयटी केलंय त्यांना या बटणाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. वहीत उतरवून घेतलेल्या कितीतरी कृतींची पहिली पायरी एकच असायची: स्टार्टवर क्लिक करा.

या सगळ्याचं नेहमी सांगितलं जाणारं तात्पर्य म्हणजे ‘लोकांना बदल आवडत नाही’. मला हे उत्तर आळशी वाटतं. कारण लोकांनी त्याआधी आणि त्यानंतरही मोठमोठे बदल पचवलेत. माझं म्हणणं वेगळं आहे. मायक्रोसॉफ्टकडे आकडे होते, भरपूर होते, आणि ते खोटेही नव्हते. पण आकडे ‘लोक हे किती वेळा वापरतात’ या प्रश्नाचे होते, आणि उत्तर ‘लोकांना हे किती लागतं’ या प्रश्नाला दिलं गेलं. हे दोन प्रश्न एकसारखे दिसतात. ते तसे नाहीत, एवढंच या पोस्टमध्ये दाखवायचं आहे.

बटण आलं कुठून?

आधी थोडं मागे जाऊ. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये स्टार्ट बटण नव्हतं. प्रोग्राम मॅनेजर नावाची एक खिडकी असायची, तिच्यात आणखी छोट्या खिडक्या, आणि त्यांच्यात प्रोग्रामचे आयकॉन. जाणकारांना हे चालायचं, पण नवशिक्यांचे हाल व्हायचे. डबल क्लिक जमायचं नाही. एका खिडकीवर दुसरी उघडली की पहिली बंदच झाली, असं त्यांना वाटायचं. मग तोच प्रोग्राम ते पुन्हा उघडायचे.

विंडोज ९५ करताना मायक्रोसॉफ्टच्या चमूनं या लोकांना शेजारी बसवून पाहिलं. या कामावर केंट सलिव्हन यांनी १९९६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात चाचण्यांच्या ६४ फेऱ्या आणि ५६० सहभागी नोंदवलेले आहेत. हा निबंध संशोधनपद्धतीसाठी आवर्जून वाचावा असा आहे, कारण त्यात फसलेल्या कल्पनाही प्रामाणिकपणे मांडल्या आहेत. उदाहरणार्थ, नवशिक्यांसाठी एक वेगळा सोपा डेस्कटॉप द्यावा, असा विचार झाला होता. तो सोडून दिला, कारण माणूस सरावला की त्याला ते सगळं विसरून खरा डेस्कटॉप पुन्हा शिकावा लागला असता.

स्टार्ट बटण हे या पाहण्यातून निघालं. सुरुवातीच्या आराखड्यात खालच्या पट्टीवर सिस्टिम, फाइंड आणि हेल्प अशी तीन बटणं होती. पुढे त्यांचं एक झालं. तरीही कॉम्प्युटर सुरू केल्यावर ‘आता पुढे काय?’ म्हणून लोक नुसते बसून राहायचे. मग बटणावर ‘स्टार्ट’ हा शब्दच लिहिला. कॉम्प्युटर बंद करायलाही स्टार्टवर जावं लागतं, हा विनोद तेव्हापासूनचा. पण विनोद करणाऱ्यांनाही बंद कुठून करायचं ते नेमकं माहीत असायचं, हे लक्षात घ्या.

आणखी एक तपशील. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं तेव्हा प्रोग्राम मॅनेजर हद्दपार झाला नव्हता. तो कोपऱ्यात का होईना, सोबत दिलेला होता. ज्याला हवा त्यानं चालवावा. पुढे २००१ मध्ये एक्सपीनं स्टार्ट मेनूचं रूप पालटलं, तेव्हाही ‘क्लासिक’ मेनूचा पर्याय ठेवलेला होता. नवं घर बांधलं तरी जुन्या घराची किल्ली काही वर्षं हातात राहायची.

रिबन: त्याच मोजणीचा वेगळा उपयोग

आता २००७ मध्ये येऊ. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस ऑफिस २००७ सर्वांसाठी आलं आणि वर्ड-एक्सेलमधले फाइल, एडिट, व्ह्यू असे वर्षानुवर्षांचे मेनू गेले. त्यांच्या जागी रुंद पट्टी आली: रिबन. तेव्हाही प्रचंड ओरड झाली. ‘जुने मेनू परत द्या’ म्हणून पैसे मोजून जोडायची सॉफ्टवेअरंसुद्धा निघाली.

रिबनमागेही मोजणीच होती. ज्यांनी परवानगी दिली होती त्यांच्या कॉम्प्युटरवरून कोणती आज्ञा किती वेळा दिली जाते, याची नोंद कंपनीकडे जात होती. वर्डमध्ये सर्वांत जास्त दिली जाणारी आज्ञा पेस्ट निघाली: एकूण आज्ञांच्या ११ टक्क्यांहून थोडी जास्त. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच मिळून सुमारे ३२ टक्के. उरलेल्या शेकडो आज्ञांच्या वाट्याला बाकीचा भाग.

इथे थांबा आणि विचार करा. तुमच्या हातात हा तक्ता असता तर तुम्ही काय केलं असतं? तळाच्या आज्ञा काढून टाकायचा मोह होणारच. रिबनच्या चमूनं तसं केलं नाही. आकड्यांवरून त्यांनी जागा ठरवली: जास्त लागणारं मोठं आणि पुढे, कमी लागणारं लहान आणि मागच्या टॅबमध्ये. क्वचित लागणाऱ्या गोष्टीही बहुतेक तिथेच राहिल्या. ऑल्ट दाबून केलेले जुन्या मेनूंचे कीबोर्ड शॉर्टकट चालत राहिले, म्हणजे बोटांची सवय फुकट गेली नाही. शिवाय नवं जे काही होतं ते डोळ्यांना दिसत होतं. शोधायला वेळ लागला, चिडचिड झाली, पण शोधणाऱ्याला ते सापडत होतं. ओरड हळूहळू विरली आणि रिबन टिकली.

तेव्हा ऑफिसची जबाबदारी स्टीव्हन सिनॉफ्स्की यांच्याकडे होती आणि रिबनच्या कामात ज्युली लार्सन-ग्रीन पुढे होत्या. नंतर हे दोघंही विंडोज विभागात आले. विंडोज ८ च्या वेळी ‘थोडे दिवस ओरडतील, मग सरावतील’ असा जो विश्वास दिसतो, त्याचं मूळ मला रिबनच्या या अनुभवात दिसतं. हा माझा अन्वयार्थ आहे, पण काळाचा क्रम त्याला धरून आहे.

टॅब्लेटचा दबाव

एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड आला. बोटानं चालणारा, हलका, चटकन सुरू होणारा. मायक्रोसॉफ्टसमोरचा प्रश्न खरा होता. विंडोज माउस आणि कीबोर्डसाठी घडलेलं होतं. बारीक मेनूंवर बोट टेकवणं अवघड. दोन रस्ते होते: टॅब्लेटसाठी वेगळी प्रणाली करायची, किंवा एकच विंडोज दोन्हीकडे चालवायचं. कंपनीनं दुसरा रस्ता धरला. २०१० मध्ये आलेल्या विंडोज फोन ७ मधल्या टाइल्स घेऊन अख्ख्या स्क्रीनभर पसरणारा ‘स्टार्ट स्क्रीन’ तयार झाला, आणि तो टचस्क्रीन नसलेल्या कॉम्प्युटरवरही सक्तीचा झाला.

त्यामुळे केवळ चुकीच्या मोजणीमुळे स्टार्ट मेनू गेला, असं मी म्हणणार नाही. धंद्याची गरज आधी आली. पण निर्णय लोकांना पटवून देताना पुढे केली गेली ती मोजणी. संशोधनातही हे होतं. निष्कर्ष मनात आधी ठरलेला असतो, आणि मग त्याला टेकू देणारा तक्ता सापडतो. तक्ता खरा असतो म्हणून टेकूही भक्कम वाटतो.

तो ११ टक्क्यांचा आकडा

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोजच्या अभियंत्यांनी स्टार्ट मेनू का बदलतोय हे जाहीरपणे, तपशिलात लिहिलं. मोठ्या कंपनीनं इतक्या मोकळेपणानं लिहावं, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. त्यात त्यांनी दाखवलं की व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनू उघडण्याचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं. टास्कबारवर तीन किंवा अधिक प्रोग्राम कायमचे लावून ठेवणारे ८५ टक्के लोक होते, तर स्टार्ट मेनूत तितके लावणारे फक्त २३ टक्के. सांगणं असं की मेनूचं काम टास्कबारनं घेतलंय, आता मेनूला नवं रूप द्यायला हरकत नाही.

आता संशोधकाच्या नजरेनं पाहू. या आकड्यांना मी तीन प्रश्न विचारीन.

पहिला: ही माणसं कोण? विंडोजमधली ही नोंद ज्यांनी संमती दिली त्यांच्याकडूनच यायची. नमुना आकारानं प्रचंड होता, पण आकार म्हणजे प्रातिनिधिकता नव्हे. ‘माझी माहिती पाठवा’ म्हणणारा माणूस आणि न म्हणणारा माणूस, दोघं कॉम्प्युटर सारखाच वापरतात का, हे निव्वळ संख्या वाढवून कळत नाही.

दुसरा: उरलेल्या ८९ भागांचं काय? ११ टक्के घट म्हणजे आधी शंभरदा उघडला जायचा तो मेनू आता एकोणनव्वद वेळा उघडला जातो. घट खरी आहे. पण ही मरणपंथाला लागलेल्या गोष्टीची आकडेवारी नाही. बदल मोजला की मूळ पातळी नजरेआड होते. प्रबंधांतही ‘इतक्या टक्क्यांनी घट’ ठळक अक्षरात असतं, आणि ती घट कशातून झाली ते दुसऱ्या पानावर.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: वारंवारतेवरून गरज कळते का? एसटीच्या गाडीत ‘संकटकालीन मार्ग’ लिहिलेलं दार तुम्ही पाहिलंय. आयुष्यभर एसटीनं फिरूनही ते उघडलेलं न पाहिलेले लोक असतील. उघडझापीची संख्या मोजली तर ते दार सगळ्यात आधी काढावं लागेल, आणि तिथे दोन सीट बसवता येतील. कोणी तसं करत नाही, कारण त्या दाराची किंमत ते किती वेळा उघडतं यात नाही, ते तिथे आहे यात आहे.

स्टार्ट मेनू काही संकटकालीन दार नव्हता. पण त्याचंही एक काम असंच न मोजलं जाणारं होतं. रोजचे चार प्रोग्राम टास्कबारवर असतातच. महिन्यातून एकदा लागणारी गोष्ट, म्हणजे प्रिंटरची सेटिंग, कॅल्क्युलेटर किंवा नाव विसरलेला एखादा प्रोग्राम, ती कुठे असेल हे ठाऊक नसतं तेव्हा माणूस त्या कोपऱ्यात जायचा. वाट चुकलं की परत यायची ती जागा होती. वाट चुकणं रोज होत नाही, म्हणून मोजणीत ते लहान दिसतं. पण ज्या क्षणी होतं त्या क्षणी दुसरं काही चालत नाही.

भडका आणि आधीच मिळालेले इशारे

इशारे मिळाले नव्हते, असं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये प्रोग्रामर लोकांसाठी पहिली चाचणी आवृत्ती निघाली. तिच्यात स्टार्ट बटण दिसत होतं, पण दाबलं की मेनूऐवजी स्टार्ट स्क्रीन यायचा. काही खटपट्या लोकांना रजिस्ट्रीमधली एक नोंद बदलून जुना मेनू परत आणायची युक्ती सापडली आणि ती वाऱ्यासारखी पसरली. २९ फेब्रुवारी २०१२ ला सर्वांसाठीची चाचणी आवृत्ती आली. तिच्यात ती युक्ती चालेना, आणि बटणही नव्हतं.

मागे सांगितलेली किल्ली आठवा. १९९५ मध्ये जुना प्रोग्राम मॅनेजर सोबत होता, २००१ मध्ये क्लासिक मेनू होता. २०१२ मध्ये खिडकीही बंद केली. जे लोक स्वतःहून जुन्या वाटेनं जात होते, त्यांचं ते जाणं हीच माहिती होती. ती गोळा करण्याऐवजी वाटच बुजवली गेली.

मग लोकांनी पर्यायी वाटा शोधल्या. क्लासिक शेल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आधीपासून होतंच. त्याला आता मोठी मागणी आली. स्टारडॉक या कंपनीनं स्टार्ट८ काढलं आणि ४.९९ डॉलरना विकलं. विचार करा: जे आधी फुकट मिळत होतं ते परत मिळवण्यासाठी लोक वेगळे पैसे द्यायला तयार होते. पैसे देणं हेसुद्धा मापनच आहे, आणि क्लिकपेक्षा जरा जास्त बोलकं.

रागाचं सगळ्यात जास्त सांगितलं गेलेलं उदाहरण होतं कॉम्प्युटर बंद करण्याचं. माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, मग एक पट्टी सरकत बाहेर येणार, तिच्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, आणि मग शटडाऊन. पायऱ्यांची संख्या हा खरा त्रास नव्हता. कोपऱ्यात काहीतरी दडलंय, याची कोणतीही खूण स्क्रीनवर नव्हती. माहीत असेल त्यालाच दिसणार. विंडोज ९५ च्या चमूनं लोक गोंधळतात म्हणून बटणावर शब्द लिहिला होता. सतरा वर्षांनी आलेल्या पिढीनं शब्द, बटण, खूण सगळंच पुसलं.

बारा माणसांचा अभ्यास

नोव्हेंबर २०१२ मध्ये वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी विंडोज ८ वर आपला अहवाल दिला. सहभागी किती? फक्त १२. सगळे कॉम्प्युटरला सरावलेले. त्यांच्यापुढे कामं ठेवली आणि ते कुठे अडतात ते पाहिलं. नील्सन यांचा निष्कर्ष कडक होता. एकाच यंत्रात दोन वेगळी जगं असल्यानं डोक्यावर ताण येतो. सपाट चित्रांमुळे काय दाबता येतं आणि काय नुसतं शोभेचं आहे ते कळत नाही. आणि महत्त्वाच्या गोष्टी लपलेल्या असल्यानं लोक त्या विसरून जातात.

आरआरसीसमोर तुम्ही ‘माझा नमुना १२ जणांचा आहे’ म्हणालात, तर पहिला प्रश्न काय येईल ते तुम्हाला ठाऊक आहे. पण इथे बघा. एकीकडे प्रचंड संख्येतल्या कॉम्प्युटरवरून आलेली क्लिकची मोजणी, दुसरीकडे बारा माणसं. ‘किती लोक?’ हा प्रश्न असेल तर बारा जणांचा अभ्यास निरुपयोगी आहे. पण ‘का अडतात?’ या प्रश्नाला कोट्यवधी क्लिक उत्तर देऊ शकत नाहीत, कारण जो माणूस दोन मिनिटं हतबल होऊन स्क्रीनकडे बघत बसतो तो त्या दोन मिनिटांत एकही क्लिक करत नाही. गोंधळाची नोंद मोजणीत शून्य म्हणून होते. नमुना केवढा हवा, हे प्रश्न कोणता आहे यावर ठरतं. ‘मोठा तो चांगला’ हा नियम नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. ओरडणारे लोक हासुद्धा प्रातिनिधिक नमुना नसतो. समाधानी माणूस गप्प बसतो. विंडोज ८ आधीच्या विंडोजपेक्षा लवकर सुरू व्हायचं, आणि टॅब्लेटवर त्याच टाइल्स बऱ्याच जणांना आवडल्या. म्हणून ‘इतका गदारोळ झाला म्हणजे रचना वाईटच’ हे अनुमानही कच्चं आहे. रिबनच्या वेळीही गदारोळ झाला होता. ओरडीच्या आवाजावरून निकाल लावायचा नसतो. ओरडणारा नेमकं काय गमावल्याचं सांगतोय, ते ऐकायचं असतं.

दोन खरे आकडे, दोन वेगळ्या गोष्टी

पुढच्या काही महिन्यांत दोन आकडे चर्चेत आले. एप्रिल २०१३ मध्ये आयडीसी या बाजार-अभ्यास संस्थेनं सांगितलं की वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जगभरची पीसी विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत १३.९ टक्क्यांनी घसरली. १९९४ पासून ही संस्था तिमाही नोंद ठेवत होती, आणि एवढी घसरण तिनं पाहिली नव्हती. विंडोज ८ नं बाजाराला हात दिला नाहीच, उलट वेग कमी केला, असं तिचं मत होतं. पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की विंडोज ८ चे १० कोटी परवाने विकले गेले.

कोण खोटं बोलत होतं? कोणीच नाही. नवा कॉम्प्युटर घेतला की विंडोज त्यातच येतं, मग ते आवडो न आवडो. परवान्यांची संख्या कंपनीचा धंदा दाखवते, ग्राहकाची पसंती नाही. तसंच पीसी विक्री घसरायला मोबाइल आणि टॅब्लेटही कारणीभूत होते. सगळी घट विंडोज ८ च्या माथी मारणं सोपं आहे, पण एकाच वेळी दोन कारणं काम करत असताना एकाचा वाटा वेगळा काढायचा तर तुलनेला आधार लागतो, आणि विंडोज ८ नसलेलं दुसरं २०१३ कोणाकडेच नव्हतं.

बटण आलं, तरी प्रश्न सुटला नाही

दरम्यान, बाजारात विंडोज ८ येऊन तीन आठवडे व्हायच्या आतच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, सिनॉफ्स्की यांनी कंपनी सोडली. १७ ऑक्टोबर २०१३ ला विंडोज ८.१ आलं आणि कोपऱ्यात स्टार्ट बटण पुन्हा दिसू लागलं. मात्र ते दाबलं की मेनू नव्हे, तोच स्क्रीनभर पसरणारा टाइल्सचा पसारा यायचा. थेट डेस्कटॉपवर जाण्याची सोयही मिळाली.

संशोधकासाठी हा टप्पा फार मोलाचा आहे, कारण इथे नकळत एक प्रयोग घडला. बटण आणि मेनू या दोन गोष्टी पहिल्यांदाच वेगळ्या झाल्या. लोकांना फक्त बटणाचा लळा असता, तर राग इथेच शमायला हवा होता. तो पुरता शमला नाही, आणि जुना मेनू देणारी सॉफ्टवेअरं चालूच राहिली. म्हणजे हवं होतं ते त्या मेनूचं वागणं. जुना मेनू कोपऱ्यातून वर यायचा, पण तुमचं अर्धवट काम मागे दिसत राहायचं. स्टार्ट स्क्रीन ते काम झाकून टाकायचा. प्रबंध लिहिताना संदर्भाचा आकडा डोक्यात धरून तुम्ही कॅल्क्युलेटर उघडायला गेलात आणि समोरचं पानच नाहीसं झालं, तर काय होतं? आकडा विसरतो. मेनू उघडला किती वेळा, हे मोजलेलं होतं. उघडताना मागचं काम दिसत राहण्याची किंमत किती, हे त्या मोजणीत नव्हतं.

३० सप्टेंबर २०१४ ला विंडोज १० ची घोषणा झाली. तिच्यात स्टार्ट मेनू होता, कोपऱ्यातून वर येणारा, शेजारी थोड्या टाइल्स घेतलेला. २९ जुलै २०१५ ला ते बाजारात आलं. टाइल्स पूर्ण गेल्या नाहीत आणि मेनू जुनाच्या जुना आला नाही. दोघांनी जागा वाटून घेतली. ज्यांना टॅब्लेटवर स्क्रीनभर टाइल्स हव्या होत्या, त्यांच्यासाठी तो पर्यायही राहिला.

तुमच्या आराखड्यात याचं काय करायचं?

आता रिबन आणि विंडोज ८ शेजारी ठेवून पाहा. कंपनी एक, माणसं बरीचशी तीच, मोजणीची रीत तीच, आणि सुरुवातीची ओरडही तशीच. फरक इतकाच की एकीकडे मोजणीवरून कशाला पुढची जागा द्यायची ते ठरवलं, आणि दुसरीकडे कशावाचून लोकांचं चालेल ते ठरवलं. पहिल्या कामाला वारंवारता पुरते. दुसऱ्या कामाला ती पुरत नाही.

आपल्या विषयांत हा घोळ रोज होतो. ग्रंथालयात एखादं पुस्तक वर्षात दोनदाच बाहेर गेलं, म्हणून ते निरुपयोगी ठरवलं जातं. ते नेणारे दोघं तुमच्यासारखे संशोधक असू शकतात. दुर्मीळ वनस्पती पाहणीत कमी आढळली म्हणून परिसंस्थेत तिचं स्थान नगण्य मानलं जातं. उपकेंद्रात एखादं औषध फारसं संपत नाही म्हणून त्याचा साठा कमी केला जातो, आणि सर्पदंशाची लस असल्या औषधांतच मोडते.

म्हणून आराखडा लिहायला बसाल तेव्हा एक काम करा. तुमच्या प्रत्येक चलाची कार्यात्मक व्याख्या एका बाजूला लिहा: मी नेमकं काय मोजणार आहे. दुसऱ्या बाजूला लिहा: या आकड्यावरून शेवटच्या प्रकरणात मी काय म्हणणार आहे. मग दोन्हींतली क्रियापदं ताडून बघा. डावीकडे ‘वापरतात’ आणि उजवीकडे ‘गरज आहे’ असेल, डावीकडे ‘हजर असतात’ आणि उजवीकडे ‘शिकतात’ असेल, डावीकडे ‘हो म्हणाले’ आणि उजवीकडे ‘मानतात’ असेल, तर मधली पायरी अजून बांधायची आहे. ती मुलाखतीनं बांधायची, निरीक्षणानं की आणखी एखाद्या चाचणीनं, ते गाइडशी बोलून ठरवा. पण माहिती गोळा करायला बाहेर पडण्याआधी ठरवा. प्रश्नावल्या भरून आल्यानंतर ती पायरी बांधता येत नाही.

हा दोन रकान्यांचा कागद आरआरसीला जाताना सोबत ठेवा. ‘हे तुम्ही मोजणार कसं?’ हा प्रश्न येतोच.